विलायती नळी, खडकीचे काडतूस

महाडच्या वायव्येला सोनगड नावाचा एक लहानसा किल्ला आहे. रायगडाला जाणारी गर्दी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. शिवकाळात या किल्ल्यावर काही इंग्रज व्यापारी कैदेत पडले होते. ते राजापूरच्या वखारीतले. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडलेला असताना वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याची माणसे तोफ व गोळे घेऊन सिद्दीच्या छावणीत गेली आणि तिथे आपले निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. दुसऱ्या वर्षी महाराजांनी राजापूरवर झडप घातली, वखार खणून काढली आणि या मंडळींना उचलले. आधी घाटावर वासोटा, मग सोनगड. सुटका झाली ती १६६३ साली.

नुसता माल विकून ते गप्प बसले असते, तर प्रकरण इतके चिघळले नसते. तोफा विकणारे टोपीकर तेव्हा किनाऱ्यावर पुष्कळ होते आणि महाराज स्वतःही त्यांचे गिऱ्हाईक होते. पण तोफेबरोबर गोलंदाज आला आणि त्याचे निशाणही आले. परदेशी शस्त्र घेणाऱ्याच्या पदरात नेमके काय काय पडते, हे या एका प्रकरणात दिसते. म्हणून महाड, पोलादपूर आणि माणगाव या तीन तालुक्यांतल्या जुन्या हत्यारांवरच्या टिपणांची ही प्रस्तावना सोनगडापासून सुरू केली आहे.

हत्यार कोणत्या देशाचे, हा प्रश्न दोन प्रकारची माणसे विचारतात. विकत घेणाऱ्याला ते चालवायचे असते. जमवणाऱ्याला ते ओळखायचे असते. प्रश्न एकच असला तरी दोघांची गरज निराळी, आणि ही सरमिसळ झाली की बाजारात फसगत होते व संग्रहालयात भांडणे होतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. घेणाऱ्याने बंदुकीच्या देशापेक्षा दारूगोळ्याचा आणि दुरुस्तीचा देश आधी विचारावा. जमवणाऱ्याने एका हत्याराचा एक देश असे धरून चालूच नये. पाते, मूठ, नळी, दस्ता, प्रत्येकाची चौकशी वेगळी करावी.

आमच्या भागात बंदूक म्हणजे शेतीसंरक्षणाची. डुकरे एका रात्रीत नाचणीचा आणि भाताचा फडशा पाडतात, वानरे दिवसाढवळ्या परसातले काही ठेवत नाहीत. त्यामुळे डोंगरातल्या वाड्यांवर परवान्याची एकनळी, क्वचित दुनळी, आणि त्याआधीच्या पिढीत ठासणीची बंदूक असायची. आता तिचा उपयोग बव्हंशी आवाजापुरताच राहिला आहे, कारण वनखात्याच्या परवानगीवाचून जनावरावर गोळी झाडता येत नाही. निवडणूक लागली की पोलीस पाटलाचा निरोप येतो आणि बंदुका ठाण्यात जमा होतात. तिथे त्या एका रांगेत उभ्या असतात, कुणाची विलायती, कुणाची देशी. हवालदाराला त्याच्याशी कर्तव्य नसते. तो क्रमांक आणि परवाना जुळवतो.

पोलादपूर तालुक्यातल्या अशाच एका घरी आजोबांनी मला आपली दुनळी दाखवली. गोधडीत गुंडाळलेली, तेलाचा वास येणारी, घोडे बाहेर असलेली जुनी बारा बोअर.

“विलायती आहे,” ते म्हणाले. “वडिलांनी मुंबईच्या दुकानातून आणली. वरचं नाव वाच.”

नळ्यांच्या मधल्या पट्टीवर इंग्रजी धाटणीचे नाव होते खरे. मी त्यांना विचारून नळ्या उतरवल्या आणि उताण्या धरल्या. बंदुकीची खरी जन्मपत्रिका तिथे असते, नळीच्या पोटाखाली, जिथे ती दस्त्यावर बसते. लंबगोलात ई, एल, जी ही तीन अक्षरे आणि त्यांच्याखाली तारा. ही बेल्जियममधल्या लीएज शहराच्या चाचणीगृहाची खूण. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवून पाहायची, टिकली तर शिक्का मारायचा, ही त्या घराची रीत. बर्मिंगहॅमच्या घराचे शिक्के वेगळे, लंडनचे वेगळे. एकोणिसाव्या शतकात लीएजने निम्म्या जगाला स्वस्त बंदुका पुरवल्या आणि गिऱ्हाइकाला इंग्रजी नाव आवडते हे ओळखून त्यांवर इंग्रजीसारखी नावेही घातली.

मी आजोबांना हे सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मग? बेल्जम काय आपल्या घाटावर आहे? विलायतच की ती.”

यावर मला काही बोलता आले नाही. पण पुढचे बोलणे जास्त कामाचे होते. काडतुसे कुठून आणता, असे विचारल्यावर त्यांनी डबा पुढे केला. देशी होती. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात १८६९ पासून दारूगोळा बनतो; शिकारी बंदुकीचे शक्तिमान काडतूस तिथलेच. म्हणजे बेल्जियमची नळी, तिच्यावर इंग्रजी वळणाचे नाव, पोटात खडकीचा बार, आणि नेम वरंध्याच्या खालच्या अंगाच्या डुकरावर. या बंदुकीचा देश कोणता, हे ठरवायला बसलो तर संध्याकाळ होईल. ती चालते कुणाच्या जिवावर, याचे उत्तर मात्र डब्यावरच लिहिलेले होते.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात माणसाची बोटे जातात. जुन्या विलायती दुनळीचे काडतूस बसायचे घर बहुधा अडीच इंची असते. आजची पुष्कळशी काडतुसे पावणेतीन इंची. उडवण्याआधी बारा बोअरचे काडतूस तोंडाशी दुमडलेले असते, म्हणून लांब काडतूससुद्धा आखूड घरात अलगद बसते. उडाल्यावर ती घडी उलगडते, तिला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. त्यातून नळी वळीव पोलादाची असेल, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून जोडलेली असेल, तर ती काळ्या दारूच्या जमान्यातली आहे. आजच्या धूररहित दारूसाठी तिची बहुधा चाचणीच झालेली नसते. अशा नळीवर पाण्याच्या लाटांसारखी सुंदर नक्षी दिसते. जमवणाऱ्याने तिच्यावर जीव टाकावा, चालवणाऱ्याने तिच्यापासून लांब राहावे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्या जोडांमधला गंज बाहेरून दिसत नाही.

किमतीचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात गुणापेक्षा कायदा जास्त आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत. त्यामुळे त्याआधी देशात आलेला विलायती माल हात बदलत राहिला आणि त्याचा भाव चढत गेला. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचे जुने रिव्हॉल्व्हर इंग्लंडमध्ये ज्या कौतुकाने पाहिले जाते, त्याच्या कितीतरी पट किंमत त्याला इथे येते. ते तितके पट चांगले असते असे मुळीच नाही. दार बंद आहे म्हणून आतला माल महाग. गंमत अशी की २०२० पासून त्याच वेब्ली नावाची हत्यारे उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात बनू लागली. आता नाव विलायती, माल देशी. लीएजच्या कारखानदारांनी दीडशे वर्षांपूर्वी जे चोरून केले, ते आता रीतसर करार करून होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणून पूर्वी तीन बाळगणाऱ्यांना एक निवडून काढून टाकावी लागली. बहुतेकांनी विलायती ठेवली असेल, असा माझा अंदाज आहे. भावाकडे पाहून, कामाकडे पाहून नव्हे.

हे झाले घरगुती खरेदीचे. राज्य जेव्हा गिऱ्हाईक होते, तेव्हा काय होते हे पाहायला आम्हाला लांब जावे लागत नाही. रॉबर्ट ऑर्म हा इंग्रज इतिहासकार लिहितो की महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाकडून ८० तोफा आणि बंदुकांना पुरेल इतके शिसे विकत घेतले. इंग्रज मात्र तोफा द्यायची टाळाटाळ करीत; मुघलांचा रोष त्यांना नको होता. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन नजराणा घेऊन रायगडावर चढला, तेव्हा बोलणी तहाची होती आणि राजापूरच्या नुकसानभरपाईचा विषय अजून शिल्लक होता. वखारीची लूट, कैद, सुटका, तह, आणि या सगळ्याच्या मुळाशी पन्हाळ्यावरचे ते गोळे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो सावध सूर आहे, तो असल्याच अनुभवांतून आला. त्यांचे बळ आरमारात आणि दारूगोळ्यात आहे, म्हणून त्यांना व्यापारापुरतेच ठेवावे, असा त्याचा आशय. गिऱ्हाइकाने दुकानदाराविषयी लिहिलेले इतके स्पष्ट टिपण मराठीत दुसरे नसावे.

पण दुकानदारही कुणाचा तरी गिऱ्हाईक होताच. दारूला सोरा लागतो, गंधक लागते, कोळसा लागतो. यात सर्वांत जास्त भाग सोऱ्याचा, आणि सतराव्या-अठराव्या शतकात उत्तम सोरा यायचा तो बिहारमधून. पाटण्याहून नावांत भरून गंगेने खाली आणि तिथून जहाजाने युरोपात. डच, इंग्रज, फ्रेंच, सगळे त्यासाठी धडपडत. युरोपातल्या लढायांत उडालेल्या कित्येक गोळ्यांमागे बिहारची माती होती. तोफेवर ओतणाऱ्याचे नाव असते, दारूवर कुणाचेच नसते. म्हणून इतिहासात तोफेचा देश राहतो आणि दारूचा हरवतो.

महादजी शिंद्यांनी हा प्रश्न सोडवायचा चांगला प्रयत्न केला. बेन्वा द बॉयन या सॅव्हॉयच्या माणसाला कवायती पलटणी उभ्या करायला नेमले आणि सँग्स्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली आग्र्याला तोफा ओतायला व बंदुका बनवायला सुरुवात केली. नमुना युरोपी, धातू आणि हात इथले. महादजींच्या मागे, २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, आर्थर वेलस्लीला या तोफांची धग लागली. जिंकल्यावर हाती आलेल्या तोफा पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांच्या घडणीची तारीफ केली. मग शिंदे हरले कसे? कारणे अनेक आहेत, पण एक या विषयातलेच आहे. युद्ध सुरू होताच कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना बाहेर पडायला सांगितले, त्यांच्या पोटापाण्याची हमी दिली, आणि बरेच जण गेले. तोफा देशी झाल्या होत्या, हुकूम देणारे झाले नव्हते. पन्हाळ्यावर तोफेबरोबर माणूस आला होता. असईच्या आधी तोफ राहिली आणि माणूस निघून गेला. दोन्ही वेळा घेणाऱ्याने माणसाचा देश विचारायला हवा होता.

विसाव्या शतकातले आमच्या जवळचे उदाहरण माणगाव तालुक्यातले आहे. पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटली, वरच्या टायबर नदीचे खोरे. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे पडले. त्यांनी धावत जाऊन बॉम्ब टाकला, मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले. तेवढ्यात मॅगझिन रिकामे झाले. बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच झोडपून मारले. मग शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते स्वतः पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टॉमीगन अमेरिकेतल्या जनरल थॉम्पसनच्या नावाची, लढाई इंग्रजांची, समोर जर्मन, जमीन इटलीची. गोळ्या होत्या तोवर ती अमेरिकन बंदूक होती. त्यानंतर तिचे झाले ते जड लाकूड आणि लोखंड, आणि ते कसे चालवायचे याचे शिक्षण कुठल्या कारखान्यातून येत नाही.

आता जमवणाऱ्यांकडे वळतो. इथे खूप वाद आहेत आणि पुष्कळसे अकारण आहेत.

प्रतापगडावर भवानीच्या देवळात सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची म्हणून सांगितली जाणारी तलवार आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरचा घाट चढणारे बहुतेक जण ती पाहून येतात. मराठ्यांच्या सरळ, लांब पात्याच्या तलवारींत पुष्कळदा पाते युरोपातले असते आणि मूठ इथली. अशा तलवारीला फिरंग म्हणत. पाती जर्मनीच्या झोलिंगेनहून, स्पेनच्या तोलेदोहून, इटलीहून येत. पोर्तुगीजांच्या बंदरांतून उतरत आणि दख्खनेत त्यांना रुंद परज, मागे निघालेला दांडा आणि आतून गादी घातलेली मूठ बसे. लंडनच्या राजसंग्रहातली जगदंबा तलवार अशीच आहे. ती शिवछत्रपतींची मानली जाते, १८७५-७६ च्या दौऱ्यात करवीरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून प्रिन्स ऑफ वेल्सला गेली, आणि तिच्या युरोपी पात्यावर आय-एच-एस ही ख्रिस्ताच्या नावाची अक्षरे तीनदा उठवलेली आहेत. हे ऐकले की आमच्याकडे काहींचा चेहरा उतरतो. का उतरावा? महाराजांच्या शिबंदीला अरबी घोडे चालत होते, फ्रेंच तोफा चालत होत्या, मग पाते का चालू नये? तलवार परत मागताना आपण पोलाद मागत नाही, आपला वारसा मागतो. पाते कुठे ठोकले त्याने त्या मागणीला बाध येत नाही. खरी चौकशी करायची ती हातांच्या साखळीची: कुणाकडून कुणाकडे गेली, आणि कागद काय सांगतो. २०२४ साली साताऱ्यात आलेल्या वाघनखांच्या बाबतीतही हेच झाले. ती ग्रँट डफकडून त्याच्या घराण्यात आणि तिथून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेली, इथपर्यंत कागद आहे. अफझलखानाच्या भेटीत वापरलेली तीच का, यावर त्या संग्रहालयाने स्वतःच पुरावा नाही असे सांगितले आहे. देशाचा वाद तिथे नव्हताच. साखळीतला पहिला दुवा नव्हता.

आणि शिक्क्यांवर तरी किती भिस्त ठेवायची? झोलिंगेनचे लोहार तोलेदोच्या नामांकित उस्तादांची नावे आपल्या पात्यांवर घालत. इटालियन पात्यांवरची दोन विळ्यांसारखी खूण कॉकेशसपासून हिंदुस्थानापर्यंत सगळ्यांनी उचलली, कारण गिऱ्हाईक ती पाहून जास्त दाम मोजायचे. उलट बाजूने, ज्या पोलादाला जगाने दमास्कसचे म्हटले, त्याच्या लगडी आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांतल्या मुशींतून निघत आणि इराणपर्यंत जात. म्हणजे फिरंग पाहून मान खाली घालायची आणि दमास्कस पाहून विलायती म्हणून डोळे विस्फारायचे, या दोन्ही गोष्टी एकाच अज्ञानातून येतात. म्हणूनच मी संग्राहकाला भाग वेगळे करायला सांगतो. मुठीची घडण, तिच्यावरचे सोन्याचांदीचे काम, पात्याचा पोत, धार पुन्हा लावल्याच्या खुणा, आणि मूठ व पाते जोडणारी राळ जुनी की नवी. शिक्का सर्वांत शेवटी पाहावा.

पोलिसांच्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीतून हे आणखी सोपे दिसते. आराखडा एकच, पण ती एनफिल्डमध्ये बनली, बर्मिंगहॅममध्ये बनली, ऑस्ट्रेलियाच्या लिथगोत बनली, आणि बंगालच्या ईशापूरमध्येही बनली. परदेशातले संग्राहक यांना वेगवेगळे भाव देतात, आणि त्यांत एके काळी खालच्या मानल्या गेलेल्या ईशापूरच्या रायफली आता मुद्दाम शोधल्या जातात. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने तीच रायफल नव्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी नव्या पोलादात घडवली. नेमबाजांचे जग याहून नेमके आहे. तिथे रायफल जर्मन की ऑस्ट्रियन यावर फारसे कुणी भांडत नाही. खेळाडू एकाच कारखान्याच्या गोळ्यांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जो लॉट कागदावर सर्वांत लहान भोक पाडतो तो घेतात. देश एक, कारखाना एक, तरी लॉटागणिक फरक.

पुढच्या टिपणांत प्रत्येक हत्यारापुढे देशाचा एकच रकाना ठेवलेला नाही. नळी, दस्ता, पाते, मूठ, खुणा, आणि शेवटी ते कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेले, असे रकाने आहेत. घरमालकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर असे काही असेल तर दोन विनंत्या. नळीवरची खूण पुसट दिसते म्हणून पॉलिश पेपर मारू नका. गंज तेलाने आणि मऊ फडक्याने हळूहळू निघतो, घासलेला शिक्का पुन्हा उठत नाही. आणि घरातल्या परवानाधारकाचे निधन झाले असेल तर बंदूक माळ्यावर ठेवून वाट पाहू नका. ती आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाच्या नावे अर्ज करा. अगदी निकामी, दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुनाट हत्याराला शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ते निकामी आहे हे आपण ठरवून चालत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर ती देशाबाहेर नेता येत नाही, मग ती बनलेली लीएजची का असेना.